टोळ्या निघायच्या आत

बीड जिल्ह्यातल्या गावकऱ्यांना, सरपंचांना, शिक्षकांना, मुकादमांना आणि गावोगावच्या तरुण पोरांना हात जोडून विनंती.

दसरा झाला की आपल्याकडच्या वस्त्या रिकाम्या व्हायला लागतात. शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, केज, धारूर, वडवणी, कुठेही जा. ट्रॉल्यांत कोपीचे बांबू चढतात, पीठ-मीठ चढतं, भांड्यांची पोती, शेळ्या, खुराड्यातल्या कोंबड्या चढतात, आणि ऊसतोडीचे कोयते पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, गावात उरतात ती म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं. मार्च-एप्रिल उजाडेपर्यंत त्यांना कोण सांभाळतं, हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. शेजारी सांभाळतात. पण त्या शेजाऱ्यांचं नाव आपण चारचौघांत कधी घेत नाही. यंदा ते घ्या, आणि टोळ्या निघायच्या आत घ्या, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

घाई का, तेही सांगतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या जिल्ह्यात घरं पेटवली गेली. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीनंतर अमक्याच्या दुकानातून माल घेऊ नका, तमक्याच्या हॉटेलात चहा पिऊ नका, असे निरोप मोबाईलवरून फिरले. ९ डिसेंबर २०२४ ला मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची निर्घृण हत्या झाली. त्या खुनाचा न्याय झालाच पाहिजे, त्यात कुणाचीही गय नको. पण त्यानंतर माणूस भेटला की जात कळावी म्हणून आधी आडनाव विचारायचं, ही सवय इतकी वाढली की २०२५ मध्ये आपल्या पोलीस दलाला नावाच्या पाट्यांवरून आडनावं काढावी लागली. बाहेरच्या जिल्ह्यात शिकणाऱ्या पोरांना बीडचं म्हटलं की खोली मिळायला अडचण येते, असं ती पोरं सांगतात.

मला भीती वाटते ती पुढची. मराठा आजीच्या घरी वंजारी लेकरू जेवतं, वंजारी पोरगा बौद्धवाड्यातल्या म्हाताऱ्याला मोटरसायकलवर बसवून अंबाजोगाईला स्वाराती रुग्णालयात दाखवायला नेतो, तांड्यावरच्या घराला मुसलमान दुकानदार पट्टा पडेपर्यंत उधारी देतो. या जिल्ह्याचा सहा महिन्यांचा संसार अशा गोष्टींवर चालतो. त्याचा कुठे करार नाही, कुठे नोंद नाही. एखाद्या घराने यंदा मनात अढी धरून दार लावून घेतलं, तर एका लेकराची शाळा सुटेल आणि ते आई-बापामागे फडावर जाईल. ते कोणत्याही तक्त्यात दिसणार नाही.

केज तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या आजी डोळ्यांसमोर आहेत. सत्तरी उलटलेली, गुडघे धरलेले. पदराच्या गाठीला स्वतःच्या घराच्या किल्लीबरोबर शेजारच्या दोन घरांच्या किल्ल्या. सकाळी काटवटीत पीठ मळायला घेतात ते पाच माणसांचं. त्यातली दोन लेकरं शेजाऱ्यांची. धाकटीला भाकरीचा पापुद्रा आवडतो, म्हणून तो आधी काढून तिच्या ताटलीत. रात्री फडावरून फोन येतो तो गाडी भरून झाल्यावर, कधी नऊला, कधी साडेदहाला. धाकटी तोवर झोपलेली असते. आजी तिला उठवतात. ‘माय कानावर पडल्याशिवाय सकाळी पोर चिडचिडी उठतं,’ म्हणतात. तुम्ही केवढं करता, असं म्हटलं तर हात झटकतात. ‘त्यात काय एवढं? माझ्यावर पाळी आली असती तर तिनं टाकलं असतं का माझ्या लेकराला?’

करणाऱ्याने तसं म्हणावं, ते त्याला शोभतं. पण बघणाऱ्यांनीही ‘त्यात काय एवढं’ म्हणून पुढे जावं, हे मला पटत नाही.

फडावरही तेच. एखादीला ताप आला, पोटात दुखायला लागलं, तरी खाडा पडला की पैसे कापले जातात. तेव्हा टोळीतल्या बाया तिच्या वाटच्या मोळ्या आपसांत वाटून घेतात आणि तिला कोपीच्या सावलीला बसवतात. २०१९ मध्ये जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. त्या आकड्याने राज्य हादरलं, हादरायलाच हवं होतं. त्या बायांच्या मोळ्या ज्यांनी बांधल्या, त्यांच्याबद्दल मात्र कुणी काही विचारलं नाही.

आपल्या मातीला ही माया नवी नाही. अंबाजोगाईत १९८२ मध्ये द्वारकादास लोहिया यांनी ‘मानवलोक’ ही संस्था उभी केली, गावातल्या निराधार म्हाताऱ्यांपर्यंत शिजवलेलं अन्न पोचवलं. आर्वीला दीपक आणि कावेरी नागरगोजे यांचं ‘शांतिवन’ आहे, तिथे ऊसतोड कामगारांची लेकरं शिकतात. गेवराईत संतोष गर्जे यांनी ‘सहारा’ अनाथालय काढलं. ते स्वतः ऊसतोड घरातले. पालीला दत्ता आणि संध्या बारगजे एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांचे आई-बाप झाले.

आणि दहिवंडीचे शब्बीर मामू! भाकड, म्हातारी गुरं कसायाच्या दारात जाऊ नयेत म्हणून त्यांच्या वडिलांनी धरलेला वसा त्यांनी पुढे चालवला, शंभराच्या वर जनावरं पोसली. दूध विकायचं नाही, शेणखत विकून आलेल्या पैशावर भागवायचं. शेतकऱ्याला बैल दिला तर थकल्यावर परत आणून सोडायचं वचन घ्यायचं. दुष्काळ पडला की माणसं आपली जनावरं सोडतात, अशा मुलखात हे! २०१९ मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा दिल्लीला त्यांचं नाव कळलं. पंचक्रोशीला ते कितीतरी आधीपासून माहीत होतं, पण आपणच त्यांची गोष्ट किती जणांना सांगितली होती?

म्हणून विनंती अशी. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत शेवटचा अर्धा तास राखून ठेवा. गेल्या हंगामात कुणाच्या लेकराला कुणी जेवू घातलं, कुणाच्या आईला दवाखान्यात कुणी नेलं, २०२५ च्या सप्टेंबरात सिंदफणेचं पाणी शिवारात शिरलं तेव्हा कुणी कुणाला घरात घेतलं, टंचाईत ज्याच्या बोअरला पाणी होतं त्याने नळी कुंपणाबाहेर कुणासाठी सोडली, हे उभं राहून नावानिशी सांगा. ज्याला मिळालं त्यानेच सांगावं. जात सांगायची गरज नाही, गावाला ती माहीत असते, आणि कोण कुणाबद्दल बोलतंय हे गाव बरोबर ऐकेल. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी ती नावं इतिवृत्तात लिहावीत.

मात्र शाल-श्रीफळावर भागवू नका. त्या आजींना हाराचा काय उपयोग? पीठ लागतं, गुडघ्याचं औषध लागतं, रात्री लेकरू फणफणलं तर हाक मारायला एक तरणा माणूस लागतो. वस्तीवर राहिलेल्या पोरांनी पाळ्या लावून घ्या: दळण कोण आणणार, दवाखान्याची फेरी कोण करणार. जाणाऱ्या घरांनी धान्याचं एक पोतं सांभाळणाऱ्याच्या घरी उतरवूनच ट्रॉलीत पाय ठेवावा. बहुतेक घरं ठेवतातही, ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी गावाने वर्गणी काढावी.

शिक्षकांनो, हंगामी वसतिगृहांचे प्रस्ताव वेळेत पाठवा आणि मंजुरीचा पाठपुरावा करा. शेजाऱ्याची माया आहे म्हणून सरकारला सुटका नाही. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी जाहीर झालेली वसतिगृहं मागायचा आपला हक्क आहे, ग्रामसभेत तोही ठराव करा.

पत्रकार मित्रांनो, गुन्ह्याची बातमी द्यायलाच हवी, ती दाबू नका. पण आठवड्यातून एकदा तालुका पानावर एखाद्या शेजाऱ्याची गोष्ट छापा. आणि ज्यांच्या हातात गावचे व्हॉट्सॲप ग्रुप आहेत त्यांनी भडकाऊ निरोप आला की तो तिथेच पुसावा, पाठवणाऱ्याला फोन करून त्याच्या घरचं लेकरू सध्या कुणाकडे जेवतं, एवढं विचारावं.

राहिले मुकादम. दादांनो, तुमच्या वहीत कोयत्यांची नावं असतात, उचलीचे आकडे असतात. यंदा प्रत्येक नावापुढे एक ओळ वाढवा: लेकरं कुणाकडे, म्हातारी कुणाकडे, सांभाळणाऱ्याचा फोन नंबर काय. रात्री फडावर गाडी भरून झाली की जिच्या मोबाईलला चार्जिंग नसेल तिला तुमच्या फोनवरून तो नंबर लावून द्या.