ड्रॅगचा आकडा आणि खडपावरचा माणूस

नारळी पौर्णिमा होऊन वारा उतरला की कोकणातल्या खडपांवर गरवणारे पुन्हा दिसू लागतात. हातात दोरा, टोकाला शिसे आणि गरी, एवढ्या सामानावर पिढ्यान्‌पिढ्या हा उद्योग चालत आला आणि आजही अनेकांचे त्यावर उत्तम भागते. आता त्यांच्या शेजारी लांब दांडी आणि स्पिनिंग रील घेतलेली तरुण मंडळीही उभी असतात. खाडीतल्या जिताड्यापासून सुरू झालेली त्यांची हौस खडपातल्या हेकरूपर्यंत, होडीतून सुरमईपर्यंत आणि ऐपत असेल तर अंदमानच्या जायंट ट्रेव्हलीपर्यंत जाते. तिथे पोहोचताना प्रत्येकाला एकच प्रश्न पडतो : मोठ्या माशासाठी, खाऱ्या पाण्यासाठी कोणती रील घ्यावी?

दुकानात या प्रश्नाचे उत्तर खोक्यावरच्या आकड्यांनी दिले जाते. ड्रॅग २५ किलो, बेअरिंग १०, स्पूल १४०००. आकडा जितका मोठा तितकी रील दणकट, असे गिऱ्हाईक धरून चालतो आणि आठ-दहा हजार रुपये मोजून घरी येतो. दुसऱ्या हंगामात हँडल खरखरू लागते आणि तिसऱ्या हंगामाआधीच रील माळ्यावर जाते. हे पैसे बहुतेक वेळा कष्टाचे असतात. म्हणून या आकड्यांचा अर्थ नीट सांगायला हवा.

स्पिनिंग रीलचे मूळ तत्त्व इंग्लंडमधल्या लोकर-गिरण्यांच्या परिसरातून आले. यॉर्कशायरमधले गिरणीमालक अल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी १९०५ साली अशा रीलचे पेटंट घेतले. बॉबिन जागेवर स्थिर असते आणि सूत तिच्या टोकावरून उलगडत जाते, तसाच दोर इथे स्थिर स्पूलच्या, म्हणजे दोर गुंडाळायच्या चकरीच्या, टोकावरून सुटतो. स्पूलला फिरावे लागत नाही, त्यामुळे हलके आमिषही लांब फेकता येते आणि नवख्याच्या हातून गुंता कमी होतो. पण गुंडाळताना दोराला एका छोट्या रोलरवरून काटकोनात वळावे लागते, आणि माशाचा सगळा भार त्या वळणावर येतो. भारी कामाच्या रीलची कसोटी या वळणापाशी आणि त्यामागच्या ब्रेकपाशी लागते.

तो ब्रेक म्हणजे ड्रॅग. स्पूलच्या आत धातूच्या आणि घर्षणाच्या चकत्या एकावर एक रचलेल्या असतात आणि वरचा नॉब आवळला की त्या दाबल्या जातात. मासा ठरलेल्या बळापेक्षा जास्त ओढू लागला की स्पूल घसरते, दोर सुटतो आणि तुटायचा वाचतो. खोक्यावरचे २५ किलो म्हणजे नॉब पूर्ण आवळल्यावर मिळणारी कमाल ओढ. ती रील आठ किलोवर, न अडखळता, शंभर मीटर दोर सोडू शकते का, हे त्या आकड्यावरून मुळीच कळत नाही. आणि मासा मिळणार की जाणार, ते नेमके तिथे ठरते.

थोडे गणित करू. आठ किलोच्या ओढीने शंभर मीटर दोर गेला तर चकत्यांमध्ये सुमारे ७,८०० ज्यूल उष्णता तयार होते. एवढी उष्णता शंभर ग्रॅम ॲल्युमिनियममध्ये कोंडली तर त्याचे तापमान सुमारे पंच्याऐंशी अंशांनी चढेल. मोठा मासा अशी धाव काही सेकंदांत घेतो. फेल्टच्या चकत्या या तापाने दबतात, कोरड्या पडतात आणि मग ड्रॅग झटके देऊ लागतो. कार्बन फायबरच्या चकत्या उष्णता सोसतात. म्हणून भारी रीलमध्ये कार्बनच्या, मोठ्या व्यासाच्या चकत्या असणे ही पहिली अट आहे. दुसरी गोष्ट त्याहून सूक्ष्म आहे. थांबलेली चकती सुटायला लागणारे बळ आणि सुटल्यावर फिरत राहायला लागणारे बळ यांत फरक असतो. हा फरक जितका कमी तितका ड्रॅग चांगला. स्वस्त रीलमध्ये तो इतका मोठा असतो की माशाच्या पहिल्याच हिसक्याला दोर तुटतो आणि दोष दोराला दिला जातो.

आणखी एक बाब फार कमी लोक ध्यानात घेतात. दोर बाहेर गेला की स्पूलवरच्या दोराचा व्यास घटतो, पण चकत्यांचे घर्षण तेवढेच राहते. त्यामुळे ओढ आपोआप वाढते. भरलेल्या स्पूलचा व्यास ७२ मिलिमीटर असताना आठ किलोवर लावलेला ड्रॅग, व्यास ४८ मिलिमीटर उरला की बारा किलोचा होतो. नॉबला कुणी हात लावलेला नसतो! शिवाय पाण्यात पसरलेल्या लांब दोराला पाणी धरून ठेवते, त्याचा ताण वेगळा. दोराच्या ताकदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर ड्रॅग लावावा, हा अनुभवी लोकांचा नियम यासाठीच आहे. तीस किलोच्या दोराला साडेसात ते नऊ किलो. हा ड्रॅग अंदाजाने लावू नये. दांडीच्या टोकातून निघालेला दोर स्प्रिंगच्या काट्याला बांधून, दांडी वाकवून मोजावा.

आता खडपावर उभ्या असलेल्या माणसाचा विचार करा. पायाखाली शेवाळ, समोर लाट, हातात अडीच मीटरची दांडी. दांडी ही उलटी तरफ आहे. टोकावरची आठ किलोची ओढ कंबरेवर आणि मनगटावर कितीतरी पटींनी येते. दहा-बारा किलोच्या ड्रॅगवर उभ्याने मासा खेळवणे धडधाकट, सराव असलेल्या माणसालाही थोडाच वेळ झेपते. पंचवीस किलोचा ड्रॅग खरोखर लावून ओल्या खडपावर कुणी उभा राहिला तर आधी तोच पाण्यात जाईल. तेव्हा खरेदीच्या वेळी त्या कमाल आकड्याला फारसे महत्त्व देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. पंधरा किलोचा कमाल ड्रॅग असलेली पण सात-आठ किलोवर लोण्यासारखी चालणारी रील, तीस किलोचा दावा करणाऱ्या अडखळत्या रीलपेक्षा शतपटीने बरी.

मग भारी रील हवीच कशाला? उत्तर माशाच्या स्वभावात आहे. जायंट ट्रेव्हली आमिष घेताच प्रवाळाच्या किंवा खडकाच्या धारेकडे धाव घेते. या जातीचा जागतिक विक्रमी मासा २००६ मध्ये जपानच्या तोकारा बेटांजवळ मिळाला. त्याचे वजन होते ७२.८ किलो. याच्या निम्म्या-पाव वजनाच्या माशालाही पहिल्या काही सेकंदांत वळवता आले नाही तर दोर खडकावर घासून तुटतो आणि तोंडात गळ घेऊन मासा निघून जातो. आणखी एक कारण आम्हांला तितकेच मोलाचे वाटते. अशक्त सामानावर अर्धा-पाऊण तास झुंजवलेला मासा पूर्ण थकतो. त्याला पाण्यात सोडले तरी तो जगेलच असे नाही. पुरेशा ताकदीच्या सामानावर लवकर जवळ घेतलेला मासा तरतरीत परत जातो. मासा सोडून देण्याचे ठरवून जाणाऱ्याने हलक्या सामानाचा थरार शोधू नये.

ड्रॅगनंतर मीठ. गोड्या पाण्यातली रील झिजून मरते, खाऱ्या पाण्यातली गंजून. ॲल्युमिनियमच्या अंगात पोलादी स्क्रू असतो. दोन धातूंच्या मध्ये खारे पाणी शिरले की विजेच्या घटासारखी क्रिया सुरू होते आणि ॲल्युमिनियम खाल्ले जाते. वर्षभराने स्क्रू निघत नाही, निघाला तर आटे घेऊन येतो. पाणी आत जायच्या वाटाही ठरलेल्या आहेत : हँडलचा आस, रोटरचा (स्पूलभोवती फिरणाऱ्या भागाचा) गळा, ड्रॅगचा नॉब आणि दोराचा रोलर. चांगल्या रीलमध्ये या चारही ठिकाणी रबरी सील असतात. दायवा कंपनी काही रीलमध्ये चुंबकाने धरून ठेवलेल्या तेलाचा पडदा वापरते. असे चुंबकीय द्रव १९६०च्या दशकात नासामध्ये रॉकेटच्या इंधनासाठी तयार झाले होते. पद्धत कल्पक आहे, मात्र अशी रील घरी उघडणे योग्य नाही. उघडल्यावर ते तेल पुन्हा भरणे साध्या हातांचे काम नाही.

पेनसारख्या कंपन्या आपल्या रीलवर आयपीएक्स ५ किंवा आयपीएक्स ६ असा दर्जा देतात. हे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि त्याचा अर्थ नेमका आहे. ५ म्हणजे पाण्याची धार, ६ म्हणजे जोराची धार. पाण्यात बुडवण्याची चाचणी ७ पासून सुरू होते : एक मीटर खोल, अर्धा तास. म्हणजे ६ दर्जाची रील लाटेचे शिंतोडे आणि फटके सोसेल, पण ती बुडवली तरी चालेल असे त्या दर्जात कुठेही म्हटलेले नाही. किनाऱ्यावर दांडी वाळूत टेकवणाऱ्यांनी आणि कमरेएवढ्या पाण्यात उभे राहणाऱ्यांनी हा फरक लक्षात ठेवावा.

अंग धातूचे घ्यावे. फायबर मिसळलेल्या प्लास्टिकचे अंग हलके असते, गंजत नाही आणि मध्यम कामाला उत्तम चालते. पण मोठ्या भाराखाली ते किंचित पीळ घेते, गिअरचे दाते एकमेकांवर नीट बसत नाहीत आणि पुढची खरखर तिथून सुरू होते. म्हणून भारी रीलमध्ये गिअरपेटी आणि तिचे झाकण, दोन्ही ॲल्युमिनियमची आहेत ना, हे विचारावे. काही मॉडेलमध्ये एकच बाजू धातूची असते.

बेअरिंगच्या संख्येवर फार वेळ घालवू नये. सहा चांगली, सील असलेली बेअरिंगे बारा उघड्या बेअरिंगांपेक्षा जास्त टिकतात. जितकी बेअरिंगे तितक्या मिठाला बसायच्या जागा.

आकारमानाच्या आकड्यांबाबत तर सावधच राहावे. एका कंपनीची ८००० आणि दुसरीची ८००० या सारख्या नसतात. म्हणून उलट क्रमाने विचार करावा. आधी मासा आणि जागा, त्यावरून दोर, दोरावरून स्पूल. खाडीतल्या जिताड्याला ४००० ते ५००० आकाराची रील पुरते. तिथे भारी रील घेऊन जाणे म्हणजे हाताला शिक्षा. खडपावरून किंवा होडीतून मोठ्या माशासाठी पीई ५च्या (पीई हा दोराच्या जाडीचा क्रमांक) आसपासचा ब्रेड, म्हणजे विणलेला दोर, किमान तीनशे मीटर, ज्या स्पूलवर बसेल ती रील पाहावी. अंदमानच्या पॉपिंगसाठी, म्हणजे पृष्ठभागावरच्या आमिषाने मासे धरण्यासाठी, पीई ८पर्यंत जावे लागते. ब्रेडखाली थोडा साधा मोनोफिलामेंट दोर गुंडाळायला विसरू नये. नाहीतर गुळगुळीत ब्रेड स्पूलवर सरकतो आणि ड्रॅगच बिघडल्याचा भास होतो. वजनही हातात घेऊन पाहावे. या वर्गातल्या रील साधारण पाऊण ते एक किलोच्या भरतात, आणि दिवसभर आमिष फेकायचे तर शंभर ग्रॅमचा फरकही खांद्याला कळतो.

गिअरचे प्रमाण, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात रोटर किती वेळा फिरतो, हा कामाचा प्रश्न आहे. ७२ मिलिमीटरच्या स्पूलवर ६.२ गिअरची रील एका फेऱ्यात सुमारे १.४ मीटर दोर घेते, ४.९ची १.१ मीटर. पृष्ठभागावर पॉपर चालवताना सैल दोर चटकन घ्यायला वेगवान रील हवी. खोल पाण्यातून जड मासा उचलायला संथ, ताकदीची बरी. आणि कुठलीही असो, ड्रॅग घसरत असताना हँडल फिरवू नये. ६.२ गिअरच्या रीलवर अशा प्रत्येक फेऱ्याला दोरात सहा पीळ पडतात.

राहिला पैशांचा प्रश्न. सर्वांत वरच्या श्रेणीच्या जपानी रील लाखाच्या घरात जातात. त्या उत्तम असतात, पण वर्षातून चार-सहा वेळा किनाऱ्यावर जाणाऱ्याने त्यासाठी कर्ज काढण्याची गरज नाही. मधल्या किमतीत धातूच्या अंगाची, सील असलेली, कार्बन ड्रॅगची रील मिळते आणि नीट सांभाळली तर पुष्कळ वर्षे टिकते. त्याखालच्या किमतीत भारी कामाची रील शोधू नये. पैसे कमी असतील तर मध्यम आकाराची चांगली रील घेऊन मध्यम माशांच्या मागे जावे. आमची खरी तक्रार वेगळी आहे. आपल्याकडे रील सहज मिळते, सुटे भाग मिळत नाहीत. रोलरचे एक बेअरिंग किंवा बेलची (दोर धरणाऱ्या तारेच्या कमानीची) एक स्प्रिंग न मिळाल्याने हजारो रुपयांची रील निकामी होते.

घरी आल्यावर ड्रॅग आवळून, गोड्या पाण्याच्या हलक्या फवाऱ्याखाली रील धुवावी. नळीची जोराची धार मारू नये. मीठ बाहेर येण्याऐवजी आत ढकलले जाते. बादलीत बुडवू नये. पुसून, सावलीत वाळवून, मग ड्रॅग सैल करून ठेवावी, म्हणजे चकत्या दबून राहत नाहीत. रोलरला तेलाचा एक थेंब द्यावा. वर्षातून एकदा, पावसाळ्यात समुद्र बंद असताना, रील जाणकाराकडून उघडून घ्यावी.

दुकानात जाताना स्प्रिंगचा काटा सोबत न्यावा. दोर भरून ड्रॅग सात किलोवर लावायला सांगावा, दोर काट्याला बांधून हळूहळू ओढावा आणि काट्याची सुई पाहावी. ती एका जागी राहिली तर रील चांगली. ती उड्या मारत असेल तर खोक्यावर काहीही छापलेले असो, परत ठेवावी. आणि विक्रेत्याला विचारावे : हिच्या चकत्या, रोलर आणि स्प्रिंग तुमच्याकडे मिळतील का? उत्तर नाही असेल तर दुसरे दुकान गाठावे. गिऱ्हाईक हे विचारू लागल्याशिवाय विक्रेते सुटे भाग ठेवणार नाहीत.