पन्ह्याला भाव लावा, वाऱ्याला लावू नका

परवा पुतणीने पहिल्या पगाराची पार्टी दिली. समुद्रासमोरचं हॉटेल. नाव लिहीत नाही, कारण भांडण एका हॉटेलशी नाहीये. सोबत आई होती, वय 78. लग्न होऊन फणसवाडीत आली तेव्हापासून त्याच चाळीत, त्याच तिसऱ्या मजल्यावर. पुतणीने तिला मेनूकार्ड वाचून दाखवलं. 'कोकम कूलर', 390 रुपये. 'रॉ मँगो स्मॅश', 420. आईने विचारलं, "स्मॅश म्हणजे काय गं?" पुतणी म्हणाली, "आजी, पन्हंच ते, फक्त वर पुदिना." आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग वेटरला म्हणाली, "बाळा, मला साधं पाणी दे." तो बिचारा विचारतो, "मॅडम, रेग्युलर की स्पार्कलिंग?"

पोरीचा पहिला पगार होता म्हणून मी तिथे गप्प बसलो. इथे बसणार नाही.

कमेंट करायला बोटं शिवशिवत असतील त्यांना आधीच सांगतो. हॉटेलवाल्याने स्वतःच्या जागेत, स्वतःचं भाडं भरून कोकम 390 ला विकावं की 900 ला, तो त्याचा प्रश्न. ज्याला परवडतं त्याने प्यावं. (बिलात सेवा शुल्क लावलं असेल तर ते काढायला सांगा, ते सक्तीचं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये तसं स्पष्ट केलंय आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये ते उचलून धरलंय. आम्ही काढायला लावलं. लाज वाटली, पण लावलं.) मला खटकलं ते वेगळंच. आम्ही समुद्रासमोर दीड तास बसलो आणि समुद्राचा वारा एकदाही अंगाला लागला नाही! काच बंद, एसी चालू, आईने पदर कानावरून घट्ट गुंडाळलेला. उन्हाळ्यात माणूस समुद्रावर जातो कशाला? वाऱ्याला. तो बाहेर ठेवायचा, समुद्र पडद्यावरच्या सिनेमासारखा दाखवायचा आणि त्या दाखवण्याचे पैसे पेल्यात घालून घ्यायचे, असा हा धंदा आहे. चालतो, कारण आपण चालवतो. मीसुद्धा त्या काचेपुढे फोटो काढून घेतला. स्टेटसला पण टाकला.

आता पन्ह्याकडे येतो. आपल्याकडे पन्हं कधी विकायची वस्तू होती का? होती, उपाहारगृहात मिळायची, आजही मिळते. विनयमध्ये जाऊन पियुष कोण प्यायलं नाही? पैसे देऊनच प्यायलोय. पण पन्ह्याची खरी जागा चैत्रगौरीचं हळदीकुंकू. चैत्र तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत, महिनाभर, आमच्या गॅलरीत रोज कुणाच्या ना कुणाच्या दारात चपलांचा ढीग असायचा. आंब्याची डाळ, भिजवलेले हरभरे आणि स्टीलच्या पेल्यात पन्हं. कैरी उकडून गर काढायचा, गूळ, वेलची, चिमूटभर मीठ, कुणाकडे केशर असेल तर दोन काड्या. दोन मोठ्या कैऱ्यांत आठ-दहा पेले सहज होतात. कुणाच्या घरचं आंबट, कुणाच्या घरचं गुळचट, त्यावर आठवडाभर कुजबुज. पण जी बाई दारात आली तिला पेला मिळालाच पाहिजे. मोलकरीण असो, मालकीण असो. आमच्या शेजारच्या काकू तर पोस्टमनला थांबवून पाजायच्या.

चाळीतलं सगळंच सोन्यासारखं होतं असं म्हणणारा मी नाही. कॉमन संडासाची रांग मी पाहिलीये, भोगलीये. हळदीकुंकवाला विधवा बायकांना बोलावत नसत, आणि ती लाज आपण कधी नीट कबूल केलेली नाही. बाबा गेल्यावर आईने पहिल्या चैत्रात दार लावून घेतलं होतं. पुढच्या वर्षी मजल्यावरच्या चार जणी तिला हात धरून घेऊन गेल्या, तेव्हापासून आमच्या मजल्यावर तो नियम संपला. म्हणजे पेला वाढवता येतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

कोकमाचंही तेच. कोकणातून मे महिन्यात रातांबे आले की आई ते अर्धे कापून, बिया काढून, वाट्यांमध्ये साखर भरून बरणीत घालायची आणि बरणी गच्चीच्या उन्हात. त्या रसाचं अमृत कोकम. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आपण टाळ्या वाजवल्या. पण रातांबा पिकतो नेमका पावसाच्या तोंडावर. वेळेत काढायला माणूस मिळाला नाही की झाडाखाली कुजतो. सरबत 390 ला जातं तेव्हा त्यातले किती रुपये त्या झाडाखाली उभ्या असलेल्या बाईपर्यंत पोचतात, हा हिशोब कुठल्याच मेनूकार्डावर नसतो.

आणि आता चौपाटी. फणसवाडीतून ठाकूरद्वार, चर्नी रोडचा पूल, आणि वाळू. आईच्या चालीने वीस-पंचवीस मिनिटं, माझ्या चालीने पंधरा. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीचा दिवाणखाना म्हणजे ही वाळू होती. रविवारी डब्यात पोळीभाजी, बाटलीत सरबत, परतताना जमलं तर चौघांत दोन कुल्फ्या. सीसाइड डायनिंग म्हणतात ते हेच ना? आम्हाला नाव माहीत नव्हतं, एवढंच. आणि ही वाळू काही फक्त भेळ खाण्याची नाही. 1 ऑगस्ट 1920 ला लोकमान्यांना अग्नी दिला तो इथे. 20 नोव्हेंबर 1955 ला मोरारजी आणि स. का. पाटलांची सभा लोकांनी उधळली ती इथे. त्या गर्दीला कुणी प्रवेश फी विचारली नव्हती.

आता या किनाऱ्यावर काय चाललंय ते बघा. किनारी रस्त्याचे जुळे बोगदे आपल्या चौपाटीच्या पोटातून जातात. गाड्या खालून, आपण वर. त्या रस्त्याला लागून प्रियदर्शिनी पार्क ते वरळी अशा साडेसात किलोमीटरच्या पदपथाचा बराचसा भाग 15 ऑगस्ट 2025 पासून उघडलाय. ऑक्टोबर 2025 मध्ये मेट्रो थेट गिरगावात आली, त्यासाठी आपल्यातल्या काहींनी राहती घरं दिली. म्हणजे उद्या अख्खी मुंबई संध्याकाळी आपल्या किनाऱ्यावर येणार. येऊ दे, स्वागत आहे. पण लोक आले की तहान येते, तहान आली की टेंडर येतं. आणि टेंडर निघालं की सगळ्यात जास्त बोली लावणारा येतो. त्याला ती बोली वसूल करायला कोकम 390 लाच विकावं लागतं. तो वाईट माणूस नसतो, त्याचं गणितच तसं असतं. म्हणून माझं भांडण त्या गणिताशी आहे. सरकारी जमीन, आपल्या करातून बांधलेला कठडा, आणि तिथे बसायचं भाडं पेल्यातून? का म्हणून?

हे होऊच शकत नाही असं कुणी सांगू नये. वाळकेश्वरच्या पायथ्याशी 2022 मध्ये दर्शक गॅलरी बांधली, समुद्रावर पुढे गेलेली. फुकट आहे, कुणीही जावं. तिकडे गेटवेजवळच्या, रेडिओ क्लबच्या बाजूच्या जेट्टीला परवानगी देताना जुलै 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अट घातली की तिथल्या कॅफेत प्रवाशांना पाणी आणि पॅकबंद खाद्यपदार्थ द्या, बसून जेवायची सोय करू नका. प्रवाशाची गरज वेगळी आणि हॉटेलचा धंदा वेगळा, एवढी साधी रेघ आहे ही. ती कोर्टाला ओढता येते, मग पालिकेला का येऊ नये?

आणि पाणी! या शहराला पाणी पाजायची सवय होती. कावसजी जहांगीर रेडीमनींनी मुंबईला 40 पाणपोया दिल्या. भात बाजारात केशवजी नायकांची 1876 ची पाणपोई अजून उभी आहे. शेटजींनी स्वतःचं नाव कोरून घेतलं, ठीक आहे, पण हमालाची तहान भागली. त्याच मुंबईत आज माझी आई साधं पाणी मागते आणि तिला दोन पर्याय सांगितले जातात.

आता नेहमीचे दोन आक्षेप. पहिला, रस्त्यावरचं प्यायचं म्हणजे आजाराला निमंत्रण, बर्फ कसला वापरतात देव जाणे. खरंय. म्हणूनच अन्न व औषध प्रशासनाने जून 2018 पासून न खाण्याच्या बर्फाला निळा रंग सक्तीचा केला. नियम आहे, तपासा, दंड करा. आणि पन्ह्याला, कोकमाला, ताकाला बर्फ लागतो हे कुणी सांगितलं? माठ पुरतो. दुसरा आक्षेप इनबॉक्समध्ये येतो, उघड कुणी लिहीत नाही: चौपाटीवरचे विक्रेते 'आपले' कुठेत? हे बघा, भेळवाला कुठल्या गावचा हे मी लहानपणी विचारलं नाही, आता विचारणार नाही. त्याने मला पन्नास वर्षं परवडेल अशा किमतीत खायला घातलंय. आपल्या बायकांच्या हातचं पन्हं तिथे हवं असेल तर त्याच्या शेजारी स्टॉल मागा, त्याला उठवून नको.

तेव्हा मागणी स्पष्ट लिहितो, आमदारांना आणि पालिकेला टॅग करतोय. चौपाटीपासून वरळीपर्यंत किनाऱ्यावर जिथे जिथे खाण्यापिण्याच्या जागा द्याल, तिथल्या काही जागा लिलावाबाहेर ठेवा आणि वॉर्डातल्या महिला बचत गटांना ठरावीक भाड्याने द्या. पन्हं, कोकम, सोलकढी, ताक, नीरा, उसाचा रस. किमतीचा फलक बाहेर लावा आणि कमाल किंमत करारातच लिहा. 2014 चा पथविक्रेता कायदा आहे, त्यात नगर पथविक्रेता समितीची तरतूद आहे, तिच्यापुढे हा विषय आणा. पिण्याच्या पाण्याचे नळ लावा, दर थोड्या अंतरावर, आणि ते चालू ठेवा. आणि पाठ टेकता येईल अशी बाकं. आईला वाळूत बसता येतं, उठता येत नाही. म्हाताऱ्यांना बसायला जागा फक्त बिल भरणाऱ्या खुर्चीतच असेल तर तो किनारा सार्वजनिक कसला?

आणि गिरगावकरांनो, थोडं आपल्याबद्दल. गेल्या महिन्यात एका मुंजीला गेलो होतो, आपल्याच माणसांची, आपल्याच हॉलमध्ये. स्वागताला 'व्हर्जिन मोहितो'. एप्रिलमध्ये! कैऱ्या शंभर पावलांवर भाजीवालीकडे होत्या. आपणच घरात पन्हं करायचं सोडलं तर बाहेर ते कुणी परवडेल अशा भावात विकावं, हे तोंड वर करून कसं म्हणणार?

येत्या रविवारी, संध्याकाळी साडेपाच, टिळकांच्या पुतळ्यापाशी. आई आजच कैऱ्या घेऊन आलीये, पाच लिटरचा थर्मास मी भरून आणतो. मागणीचं पत्र छापून आणतोय, वाचा आणि पटलं तर सही करा. आईची फोल्डिंगची खुर्ची मी घरून उचलून आणेन, तुमच्या घरी कुणी म्हातारं असेल तर तुम्हीही आणा. पेला आपापला आणायचा. प्लॅस्टिकचा नको.