मोटारीच्या दुरुस्तीचीं घरगुती हत्यारें

सन १८८८ च्या ऑगस्ट महिन्यांत बर्था बेन्झ या जर्मन बाईंनीं आपल्या यजमानांस न कळवितां, दोन मुलांस बरोबर घेऊन, यजमानांनीं बनविलेली मोटार मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंत नेली. अंतर १०० किलोमीटरांहून अधिक. वाटेंत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनीं टोपीच्या टांचणीनें मोकळी केली. तार उघडी पडली, तिला मोज्याचा बंद गुंडाळला. ब्रेकचें लाकूड झिजलें, तेव्हां एका चांभाराकडून त्यावर कातडें ठोकून घेतलें. मोटारीच्या पहिल्या लांबच्या प्रवासाची ही हकीकत पुष्कळांनीं वाचली असेल. टांचणी त्या काळीं हजारों बायकांच्या टोपींत होती. परंतु नळींत कचरा कोठें अडकतो हें ज्याला ठाऊक, त्याच्याच हातीं ती हत्यार ठरते.

घरीं हत्यार करण्याविषयीं आमचें मत याच पायावर उभें आहे. हल्लीं हरएक हत्यार विकत मिळतें व घरपोंच येतें, मग मुलांनीं हा खटाटोप कशास करावा, असें पालक विचारतात. पाने, पक्कड, हातोडा हीं विकतच घ्यावीं, आणि चांगलीं पाहून घ्यावीं. मऊ लोखंडाचा पाना नटाचे कोपरे गोल करून टाकतो व घटकेचें काम दोन दिवसांवर जातें. परंतु इंजिनांत अशीं कित्येक कामें असतात कीं, जीं वर्षांतून एकदांच निघतात व ज्यांस निराळेंच हत्यार लागतें. तें करूं जाणाऱ्यास आधीं त्या कामाचें मर्म शोधावें लागतें. विकत आणणारास तें शोधण्याचें कारणच पडत नाहीं.

एक उदाहरण घेऊं. गिअरबॉक्सच्या दांड्याचें टोंक ज्या लहानशा बुशांत फिरतें, तो बुश पुष्कळ जुन्या मोटारींत क्रँकशाफ्टच्या मागील टोंकाच्या खळग्यांत ठोकून बसविलेला असतो. तो झिजला म्हणजे काढावा कसा? पाठीमागें बंद भिंत, आणि पुढून धरावें तर कांठ नाहीं. अनुभवी मिस्त्री त्या भोकांत ग्रीस गच्च भरतो, भोकांत जेमतेम जाईल असा एक गोल दांडा कानशीनें घासून तयार करितो, आणि त्यावर हातोड्याचे घाव घालतो. घाव आंत बसतो, आणि बुश बाहेर सरकूं लागतो! नवख्यास ही जादू वाटते. वस्तुतः ती आपल्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांतील पास्कलच्या नियमाची करणी होय. कोंडलेल्या द्रवावरील दाब सर्व दिशांनीं सारखा पसरतो. ग्रीसला दुसरी वाट नाहीं, म्हणून तें बुशालाच मागून ढकलतें. दांडा सैल असला तर मात्र ग्रीस बाजूनें निसटून तोंडावर उडतें व बुश जागचा हालत नाहीं. ग्रीसऐवजीं कोणी भिजविलेला कागद ठांसतात, कोणी पावाचा गरहि ठांसतात, आणि तोहि काम देतो! जो विद्यार्थी हा दांडा स्वतः घासून पाहील, त्याला पास्कलचा नियम पाठ करण्याची गरज उरणार नाहीं.

लहानसहान युक्त्या तर पुष्कळच आहेत. जुन्या बोल्टाला लांबीच्या बाजूनें करवतीनें एक चीर पाडली कीं मळलेले आटे साफ करण्याचें हत्यार झालें. क्लचची प्लेट मध्यावर धरण्यास तासलेली लांकडी दांडी पुरते. याहून महत्त्वाची गोष्ट नट किती आवळावा ही आहे. सिलिंडर-हेडचे नट कमीजास्त आवळले गेले तर गॅसकेट गळतें, आणि फार आवळले तर बोल्ट तुटतो. यासाठीं मोजमाप दाखविणारा पाना मिळतो. तो जवळ नसेल तर शाळेंतील ताणकाटा घ्यावा. नटाच्या मध्यापासून अर्ध्या मीटरावर काटा अडकवून पान्याशीं काटकोनांत ओढावें. काटा ८ किलो दाखवील तेव्हां नटावर ४ किलोग्रॅम-मीटर पीळ पडला असें समजावें. किती पीळ हवा हें त्या मोटारीच्या पुस्तकांतच पाहावें. अंदाजानें ठरवूं नये.

सर्वच मोटारी या कामास योग्य नाहींत. अँबॅसेडरचें उत्पादन २०१४ सालीं बंद झालें आणि मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी २०२३ सालीं रस्त्यावरून गेल्या; तसलीं साधीं, हात घालण्यास जागा असलेलीं इंजिनें आतां थोडीं राहिलीं. नव्या मोटारींत पुष्कळसा कारभार संगणकाकडे आहे. विजेच्या मोटारींतील नारिंगी तारांस तर विद्यार्थ्यांनीं मुळींच हात लावूं नये. त्यांतून शेंकडों व्होल्टचा प्रवाह वाहतो.

पालकांची खरी अडचण आम्हांस निराळीच दिसते. मुलाचे हात काळे झाले कीं त्यांस वाटतें, हा आतां गॅरेजांत जाणार. आमच्या प्रभूनें सुताराचें काम केलें आणि प्रेषित पौल राहुट्या करून पोट भरीत असे, हें रविवारीं आपण भक्तिभावानें ऐकतों. सोमवारीं मात्र ग्रीसनें माखलेला सदरा पाहून आपलें कपाळ आठ्यांनीं भरतें. आणि मुलगी जर पाना मागूं लागली, तर घरांत हंसूं येतें. बर्थाबाईंस कोणी हंसलें असतें तर ती मोटार वाटेंतच राहिली असती.

पालकांची एक भीति मात्र खरी आहे, आणि ती आम्ही हलकी लेखीत नाहीं. जेथें चूक झाल्यास फक्त बोल्ट तुटेल, तेथें घरचें हत्यार चालेल. जेथें जीव जाईल, तेथें तें चालणार नाहीं. नुसत्या जॅकवर अथवा विटांच्या चळतीवर उचललेल्या मोटारीखालीं कोणींहि जाऊं नये. वीट एकाएकीं फुटते, आणि ती फुटण्यापूर्वीं सूचना देत नाहीं. त्यासाठीं पक्के लोखंडी घोडेच हवेत, व ते विकतच घ्यावे. बेअरिंगच्या कठीण पोलादावर हातोडा मारूं नये. त्याची कपची उडून डोळा जातो. तोंडानें नळी ओढून पेट्रोल काढूं नये. तें फुप्फुसांत गेलें तर प्राणावर बेततें.

म्हणून आमची मागणी माफक आहे. भंगारवाल्याकडून स्कूटरचें एक जुनें इंजिन आणून, त्यांतील तेल व पेट्रोल काढून, तें शाळेच्या कार्यशाळेंतील टेबलावर बोल्टांनीं पक्कें बसवावें. त्याखालीं कोणास निजावें लागत नाहीं, आणि तें पेट घेण्याचीहि भीति नाहीं. आठवीच्या मुलामुलींनीं तें उलगडावें, पुन्हां जोडावें, आणि त्यासाठीं लागेल तें हत्यार स्वतः करून आणावें. ज्या पालकांच्या घरीं असें इंजिन अडगळींत पडलें असेल, त्यांनीं तें सुट्टी संपण्यापूर्वीं शाळेंत पाठवावें.