मोकळ्या माणसांचे वेळापत्रक

‘तुम्हाला काय, आता मोकळेच आहात!’ साठीच्या आसपास आलेल्या नवरा-बायकोला हे वाक्य जितक्या वेळा ऐकावे लागते, तितक्या वेळा दुसरे कुठले ऐकावे लागत नसेल. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. फक्त त्या वाक्याच्या शेपटाला बहुतेक वेळा एखादे काम बांधलेले असते. मुंजीच्या आधी चार दिवस या, धाकटीची परीक्षा होईपर्यंत राहा, पावसाआधी गावचे घर शाकारून घ्या, आत्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेऊन आणा. मोकळा माणूस म्हणजे ज्याच्या वेळेवर कोणीही हक्क सांगावा असा माणूस, अशी व्याख्या आपल्या कुटुंबांतून हळूहळू रूढ झाली आहे. त्या व्याख्येविषयी थोडे बोलायचे आहे.

पूर्वी निवृत्तीला एक तारीख असे. अठ्ठावन्न किंवा साठ पूर्ण झाली की सत्कार, शाल-श्रीफळ, आणि दुसऱ्या दिवसापासून गॅलरीत आरामखुर्ची. आता तसे उरलेले नाही. सन 2000-01 मध्ये सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली आणि पन्नाशीतली धडधाकट माणसे मोठ्या संख्येने घरी आली. तेव्हापासून ‘अर्धा निवृत्त’ नावाची जमात आपल्या ओळखीची झाली. कोणी दोन-तीन गृहनिर्माण संस्थांचे हिशेब पाहतो, कोणी जुन्याच कंपनीत सल्लागार म्हणून महिन्यातले दहा दिवस जातो, कोणी शिकवण्या घेते. हाताशी थोडा पैसा आहे, गुडघे अजून साथ देत आहेत आणि मस्टरवर सही करायची नाही. असे जोडपे घरात असणे म्हणजे सगळ्या नातेवाइकांची सोयच म्हणायची!

आमच्या स्नेह्यांपैकी अशा एका जोडप्याचे वर्ष कसे जाते ते सांगतो. नावे सांगण्याची गरज नाही, कारण वाचकांपैकी अनेकांना ते आपलेच वाटेल. राहायला ठाण्यात, मूळ गाव संगमेश्वर तालुक्यात, मुलगा बंगळूरला, मुलगी न्यू जर्सीत. फाल्गुनात शिमग्याला गावी जावेच लागते, कारण ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते आणि ती अंगणात आली असता दाराला कुलूप असणे म्हणजे गावात तोंड दाखवायला जागा नाही. मे महिन्यात भाचे, पुतणे, नातवंडे आंब्या-फणसाला येतात. जूनमध्ये पाऊस लागण्यापूर्वी घर बंद करून परत. मग बंगळूर, कारण तिथल्या शाळा जूनच्या सुमारास उघडतात, दोघेही नोकरीवर जाणारे आणि घरात लहान मूल. भाद्रपदात पुन्हा गाव. नोव्हेंबरात ठाणे, कारण पेन्शनीसाठी हयातीचा दाखला. हे कलम आता तितके कडक राहिलेले नाही. नोव्हेंबर 2014 मध्ये ‘जीवन प्रमाण’ सुरू झाल्यापासून दाखला कुठूनही देता येतो. पण सवय अशी की वहिनी अजूनही म्हणतात, ‘नोव्हेंबरात आम्ही जिवंत असतो, इतर महिन्यांत प्रवासात.’

मध्येच एखाद्या वर्षी अमेरिका. तिकडे पर्यटक म्हणून उतरताना साधारणपणे सहा महिने राहण्याची मुभा मिळते, आणि आपल्याकडची मंडळी ते सहा महिने पुरेपूर वापरतात. तिकीट एवढे महाग, मग दोन महिन्यांत कशाला परतायचे, हा हिशेब बरोबरच आहे. पण या प्रवासाची दुसरी बाजू फारशी बोलली जात नाही. लेकीचे बाळंतपण असते तेव्हा जाते ती आई. वडील मागे राहतात, कारण संस्थांच्या लेखापरीक्षणाची वेळ आलेली असते, किंवा त्यांची म्हातारी आई अजून आहे. सहा महिन्यांनी एक परत येते तोवर दुसऱ्याची बंगळूरची पाळी आलेली असते. आमच्या या स्नेह्यांनी पूर्वी एकदा डायरी काढून मोजले, तेव्हा वर्षातले जवळजवळ पाच महिने दोघे वेगवेगळ्या गावी होते. नोकरीच्या तीस वर्षांत एवढी ताटातूट कधी झाली नव्हती. निवृत्तीनंतर दोघांनी मिळून सकाळी फिरायला जायचे, एवढीच त्यांची मूळ योजना होती.

मला वाटते, इथे आपण काहीतरी उलटे करून ठेवले आहे. आपल्या जुन्या पंचांगातही प्रवासाचे ऋतू होतेच. पण काशीयात्रा आणि पंढरीची वारी सोडली, तर बहुतेक प्रवास धाकट्यांनी थोरल्यांकडे करायचा असे. लेक माहेरी यायची ती पंचमीला, मंगळागौरीला, दिवाळीला. भाऊबीजेला भाऊ बहिणीकडे जाई. अधिक महिन्यात जावयाला वाण द्यायला बोलावत. 2023 साली अधिक श्रावण आला तेव्हा शहरांतल्या मिठाईवाल्यांनीसुद्धा अनारशांच्या पाट्या लावल्या होत्या. चातुर्मासात तर पिकल्या माणसाने एका जागी राहावे, असाच संकेत. घरातले मोठे म्हणजे खुंटा, बाकीचे त्याच्याभोवती फिरणारे. आता खुंटाच फिरतो आहे आणि बाकीचे जागेवर आहेत.

यात तरुणांचा दोष आहे, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण त्यांची वेळापत्रके खरोखरच एकमेकांशी जुळत नाहीत. बंगळूरच्या नातवाला सुटी एप्रिल-मेमध्ये, न्यू जर्सीच्या नातीची शाळा सुटते जूनच्या उत्तरार्धात. आंबा दोघांसाठी थांबत नाही. गणपतीही दरवर्षी जागा बदलतात: 2023 मध्ये 19 सप्टेंबर, 2024 मध्ये 7 सप्टेंबर, 2025 मध्ये 27 ऑगस्ट. त्या शेवटच्या वर्षी तारीख लवकर आली म्हणून न्यू जर्सीची मंडळी येऊ शकली, पण तिकडच्या शाळा सप्टेंबरच्या आरंभी उघडत असल्यामुळे गौरींपर्यंत थांबता आले नाही. बंगळूरचे तेव्हा दोनच दिवसांसाठी आले. दोन आतेमामे भावंडांनी तीन वर्षांनंतर एकमेकांना पाहिले ते दीड दिवस. तेवढ्यात ती लाजली, भांडली, खेळली आणि निघाली. त्या दीड दिवसाची किंमत मी कमी लेखत नाही. उलट, त्यासाठी जो खटाटोप झाला तो कोणी केला, हे विचारतो आहे.

कोकणातले बंद घर गणपतीसाठी उघडायचे म्हणजे काय, हे ज्याने केले आहे त्यालाच ठाऊक. जूनपासून ओल धरलेल्या भिंती, अंगणात कमरेइतके गवत, वाळवीने धरलेली एखादी चौकट, विहिरीवरचा बंद पडलेला पंप. गाद्यांना ऊन दाखवायचे तर भाद्रपदात ऊन कुठून आणायचे? गड्याला आधी सांगून ठेवलेले असते, पण त्याच्याही घरी गणपती असतो. सिलिंडर, दूध, हळदीची पाने, तांदळाची पिठी, सतरा माणसांची अंथरुणे. बाकीचे येतात ते चतुर्थीच्या आदल्या रात्री. कोकण रेल्वेवर 26 जानेवारी 1998 पासून सलग वाहतूक सुरू झाली म्हणून एवढे तरी सोपे. रस्त्याने येणाऱ्यांची कथा वेगळीच, कारण 2011 मध्ये सुरू झालेले मुंबई-गोवा महामार्गाचे रुंदीकरण दशक उलटले तरी पुरे झाले नव्हते. तर मंडळी थकून येतात, सकाळी आंघोळ करून आरतीला उभी राहतात, पहिल्या पंगतीला उकडीचे मोदक खातात आणि म्हणतात, ‘इथे आलं की कसं शांत वाटतं!’ शांत वाटते खरे. ती शांतता आठवडाभर आधी कोणीतरी झाडून-पुसून ठेवलेली असते.

आणि ते ‘कोणीतरी’ बहुधा बाईमाणूस असते. पुरुष अर्धा का होईना, निवृत्त होतो. बाईची निवृत्ती कोणत्या तारखेला? आमच्या वहिनींनी शाळेतली नोकरी वयानुसार सोडली, त्यांचाही सत्कार झाला. पण स्वयंपाकघरातून त्यांना कोणी सेवानिवृत्त केलेले नाही. उलट आता त्यांची तिथली नोकरी तीन गावांत आहे: ठाण्यात, संगमेश्वरात आणि बंगळूरला. प्रत्येक ठिकाणच्या डब्यांच्या जागा वेगळ्या, आणि बंगळूरला गेल्यावर पहिले चार दिवस हळद शोधण्यात जातात, हे त्या हसत सांगतात. ऐकणाऱ्याने किती हसावे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

पैशाचा विषय काढणे घरात वाईट दिसते, म्हणून इथे काढतो. मार्च 2020 पूर्वी रेल्वेच्या तिकिटात साठीच्या पुरुषांना चाळीस टक्के आणि अठ्ठावन्न वर्षांच्या स्त्रियांना पन्नास टक्के सवलत होती. महामारीच्या काळात ती बंद झाली आणि नंतर गाड्या पूर्ववत धावू लागल्या तरी परतली नाही. एसटीने मात्र उदारपणा दाखवला: ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना राज्यात मोफत प्रवास, आणि मार्च 2023 पासून सगळ्या स्त्रियांना अर्धे तिकीट. त्यामुळे आमच्या वहिनी अर्ध्या तिकिटात देवरुखला जातात आणि स्नेही, पासष्टी अजून न गाठल्यामुळे, पूर्ण तिकिटात. पण प्रवासखर्च हा या हिशेबातला लहान भाग. खरा खर्च घर उघडून सतरा माणसांना पाच दिवस जेवू घालण्याचा, आणि तो करणाऱ्याचे उत्पन्न मात्र अर्धे झालेले असते. मुले विचारतात, ‘बाबा, किती देऊ?’ बाबा म्हणतात, ‘तुझ्याकडून कसले पैसे घ्यायचे!’ सार्वजनिक गणपतीची वर्गणी आपण दारावर आलेल्या अनोळखी पोरांना मुकाट्याने देतो. घरच्या गणपतीची घ्यायला मात्र संकोच. बाबांनी पैसे घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या घरासाठी खिशात हात घातला त्या घराविषयी आपलेपणा वाढतो. फुकटच्या पाहुणचाराने पाहुणेच तयार होतात.

आता थोडे या जोडप्यांच्या वाट्याचेही बोलले पाहिजे. ‘आमच्याशिवाय होत नाही’ असे म्हणताना आवाजात तक्रार असते तशी थोडी मिजासही असते. सुनेने मोदकाच्या पाऱ्या करायला घेतल्या की तिच्या हातून पीठ काढून घेणारी सासू मी पाहिली आहे. मुलगा म्हणतो, या वेळी सगळे एखाद्या रिसॉर्टवर भेटू, स्वयंपाकाची दगदग नको. तर वडिलांचे तोंड उतरते. रिसॉर्टवरच्या संमेलनांना नाके मुरडणाऱ्यांतला मी नाही. भावंडांना शांतपणे बोलता यावे म्हणून कोणी दुसरा भाजी चिरत असेल तर त्यात संस्कृती बुडत नाही. शिमग्याची पालखी रिसॉर्टवर येणार नाही हे खरे, पण वर्षातल्या चार भेटींपैकी एक तिथे झाली तर बिघडले कुठे?

चार भेटी तरी कशाला हव्यात, हाही प्रश्नच आहे. दोन पुरेत. पण त्या दोन कोणी भरवायच्या, हे पाडव्याच्या दिवशीच ठरावे आणि भरवणारे चाळिशीतले असावेत. आई-बाबांनी आपल्याच घरी वर्षातून एकदा पाहुणे म्हणून यावे: आदल्या रात्री यावे, पहिल्या पंगतीला बसावे. दुसरे असे की बंगळूर आणि अमेरिकेचे महिने दोघांनी मिळून काढावेत, नाहीतर काढू नयेत. पाळणाघराची अडचण खरी असते, नातवंडांचा लळाही खरा असतो. पण सहा महिन्यांचे बाळ सांभाळायला पगारी बाई मिळू शकते. बासष्ट वर्षांच्या नवऱ्याला सकाळच्या चहाला बायकोच लागते, आणि तिलाही तो लागतो, हे आपण उघडपणे बोलत नाही एवढेच. दोघांची पावले एकत्र पडू शकतील अशी वर्षे दहा असतील, कदाचित आठ. ती पाळ्या लावण्यात घालवायची का?

घराचा प्रश्न याहून अवघड आहे आणि तो भाऊबंदांच्या गर्दीत कोणी काढत नाही. सात-बारावर आजोबांपासूनची नावे, काही गेलेली माणसे, काही कधीच न आलेली. हे जोडपे फिरते आहे तोवर घर उघडते. त्यांचे गुडघे थांबले की घर थांबणार, हे सगळ्यांना कळते, आणि म्हणूनच मोदकाच्या पंगतीत तो विषय निघत नाही. तो मे महिन्यात काढावा. फणस फोडता फोडता अशा गोष्टी बोलता येतात. हाताला चीक असल्यामुळे कोणाला रागावून उठून जाताही येत नाही.

आमच्या स्नेह्यांनी गेल्या मे महिन्यात तो काढला. कोणी काही फार बोलले नाही. दोन दिवसांनी चिपळूणला असणारा पुतण्या म्हणाला, पुढच्या गणपतीला घर मी उघडतो, किल्ली माझ्याकडे द्या. वहिनींनी लगेच हिवाळ्यातल्या हंपी-बदामीचा बेत काढला. आरक्षण नोव्हेंबर 2024 पासून साठच दिवस आधी मिळते, पूर्वीसारखे एकशेवीस नव्हे, त्यामुळे तिकिटांची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवली आहे. पुतण्याने मात्र दोन अटी घातल्या. किल्ली दिल्यावर काकांनी रोज फोन करायचा नाही, आणि माळ्यावरची जुनी तांब्या-पितळेची भांडी मोडीत काढायला काकूंनी हरकत घ्यायची नाही. पहिली अट मान्य झाली आहे. दुसरीवर बोलणी चालू आहेत.