‘रणांगण’ला प्रेमकथा कोणी केले?

विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ १९३९ साली प्रसिद्ध झाली. अध्यापक मंडळी तिला आजही प्रेमाची शोकांतिका म्हणून शिकवतात. उमेच्या अनुभवाने कडवट झालेला चक्रधर विध्वंस, युरोपातून परतणारी बोट, हॅर्टा, मुंबई, ताटातूट. मग उरलेला सारा तास चक्रधरच्या मनाच्या गाठी सोडवण्यात जातो. हॅर्टा मुंबईत का उतरू शकत नाही, याचे उत्तर मात्र एका वाक्यात उरकले जाते: ती ज्यू निर्वासित होती म्हणून. जणू मनाई म्हणजे समुद्रावरचे वादळच!

ही मनाई माणसांनी लेखी हुकुमाने घातलेली होती. जुलै १९३८ मध्ये एव्हियाँ येथे ३२ देशांचे प्रतिनिधी जमले. हळहळ बहुतेकांनी व्यक्त केली, दार जवळजवळ कोणीच उघडले नाही. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून जर्मन ज्यूंच्या पासपोर्टांवर तांबडा ‘जे’ उमटू लागला. हिंदुस्थानात शिरायचे तर नोकरी हवी किंवा कोणाची तरी हमी. शांघायला उतरण्यासाठी तेव्हा व्हिसा लागत नसे, म्हणून माणसे तिकडे निघत. चक्रधरने धीर केला असता तर, ही चर्चा या कागदांपुढे फार लहान पडते.

ज्यांना मुंबईत उतरता आले त्यांचे काय झाले, हेही पाहावे. रूडॉल्फ फॉन लायडेन १९३३ साली आले, पुढे व्हिएन्नाचे चित्रकार वॉल्टर लांगहामर. १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह चित्रकारांना ज्यांनी हात दिला त्यांत हे दोघे होते. आपल्या आधुनिक चित्रकलेच्या इतिहासात त्यांची नावे सापडतात. हॅर्टा मात्र बोटीवरच राहते आणि पुढे जीव देते.

कोणी म्हणेल, हे समाजशास्त्र झाले, यात कलाकृती कुठे आहे? कलाकृती त्या बोटीत आहे. हे प्रेम जमिनीवर घडूच शकले नसते. डेकवर सगळे सारखे, कारण ते कोणाच्याच मुलखात नाहीत. बंदर दिसताच माणसांची वर्गवारी सुरू होते. बेडेकरांची रचना ही एवढी कठोर आहे, आणि आपण तिच्यात विरहगीत शोधत बसतो.

आसनगावला उतरून शहापूर-मुरबाडच्या वर्गांत शिकवणाऱ्यांना तरी ही चूक परवडणारी नाही. इथल्या तानसा-भातसाचे पाणी बिनदिक्कत मुंबईला जाते. इथल्या कित्येक कातकरी वाड्या मात्र आजही दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर उभ्या आहेत. त्या वाडीतून आलेल्या मुलीला हॅर्टाची अडचण समजावून सांगावी लागणार नाही. तिला ‘चक्रधर-हॅर्टा यांच्या प्रेमाचे स्वरूप स्पष्ट करा’ असे विचारण्यापेक्षा, बोट मुंबईला लागल्यावर कोण उतरतो आणि कोणत्या कागदाच्या जोरावर, एवढेच विचारून पाहा.