तरतमभाव : पुस्तकातला आणि बाजारातला

लघु, लघुतर, लघुतम ही शिडी आपण सर्वांनी शाळेत पाठ केली. लसावि-मसावि करताना तर हा 'तम' रोज भेटत होता, पण थांबून त्याच्याकडे कोणी पाहिले नाही. 'लघुतम' या शब्दाची चारही अक्षरे लघु आहेत! 'महत्तम'मध्ये मात्र महत् आणि तम यांचे दोन त एकमेकांना भिडतात. उच्चारताना म-हत्-तम असे तुटते आणि 'ह' गुरू होतो. इटालियन भाषेतही असेच घडते. 'बेल्लो' म्हणजे सुंदर. शेवटचा ओ टाकून 'इस्सिमो' लावला की 'बेल्लिस्सिमो', आणि त्याचे तुकडे पडतात बेल-लिस-सि-मो, जोडाक्षराच्या मधोमध.

हे छानच आहे. पण तरतमभाव म्हणजे एवढेच, असा जो समज होतो तो मला मान्य नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. आई चौथी शिकलेली. तिच्या तोंडी 'तम' कधी येत नाही. पण कल्याणच्या बाजारात तिला मेथी हिरवीगार लागते, चिंच आंबटढाण निघते, कारले कडूजहर. हा तमभाव नव्हे तर काय?

एकट्या काळ्या रंगाचेच पाहा. अंधार काळाकुट्ट, डोळे काळेभोर, केस काळेकुळकुळीत, कातळ काळाकभिन्न. 'कृष्णतम' म्हटल्याने नुसते प्रमाण कळेल. येथे प्रमाण कळते आणि काळेपणाची जातही. 'तुझे काळेकुट्ट डोळे' असे प्रेमपत्रात कोणी लिहील काय? शिवाय घडण पाहा. काळाकुट्ट, काळीकुट्ट, काळ्याकुट्ट ढगात : बदल होतो तो शब्दाच्या पोटात, शेपूट जागचे हलत नाही. 'कुट्ट' सुटा वापरता येत नाही, आणि तो लालला चिकटतही नाही. लालला भडक किंवा बुंदच हवे.

हे नियम आम्हाला न शिकवता येतात. तरी व्याकरणाच्या तासाला आमच्यासारखी मुले खाली मान घालून बसतात, कारण फळ्यावर फक्त 'तम' असतो. हे शब्द 'बोलीभाषा' म्हणून कोपऱ्यात न ढकलता तमभावाच्याच धड्यात घ्यावेत, असे माझे मत आहे.

श्रेष्ठ हाच मुळात तमभाव, त्याला पुन्हा 'तम' कशाला, असेही काहीजण बजावतात. पण 'श्रेष्ठतम' यजुर्वेदातच आहे. ऋषींचेही एका प्रत्ययाने भागले नाही, मग आईच्या 'लय आंबटढाण'ला हसायचे कारण नाही.

आपल्या वर्गात ठाण्यापासून टिटवाळ्यापर्यंतची मुले गाडीने येतात. पुढच्या वर्षी त्यांच्याकडून असे शब्द गोळा करावेत. आगरी घरांतल्या मैत्रिणींकडे तर माझ्या वहीत नसलेले कितीतरी सापडतील.