पहिल्या पावसावर सगळं बियाणं पेरू नका



मृगाचा पहिला शिडकावा झाला म्हणून कोरडवाहू शेतकरी घरातलं सगळं बियाणं मातीत टाकत नाही. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊ द्या, असं आम्ही कृषी पदवीधर सांगत आलो. पण ढेकूळ फोडून ओल पाहणाऱ्या आपल्या बापाला ते आधीच ठाऊक होतं. कपाशीत तुरीचं तास आणि बाजूला ज्वारीचा पट्टा त्याच शहाणपणातून आला. मग हाच शेतकरी आपल्या उत्पादक कंपनीचा संचालक झाला की हे शहाणपण जातं कुठं?

‘धंदा वाढतोय, कर्ज काढा, कापूस घेऊन ठेवा, भाव चढणारच!’ चढणारच, हे कोणी सांगितलं? 2022 च्या सुरुवातीला कापूस क्विंटलला दहा हजारांवर गेला. तोच भाव परत येईल म्हणून 2022-23 च्या हंगामात आपण घरं कापसानं भरली. लेकराबाळांच्या अंगाला खाज सुटली, पण दहा हजार काही आले नाहीत.

आता कंपनीचा हिशेब मांडू. 170 किलोची एक गाठ बांधायला सुमारे पाच क्विंटल कापूस लागतो. हजार गाठींना पाच हजार क्विंटल. साडेसात हजारांनी घेतला तर पावणेचार कोटी गुंतले. कंपनीचे हजार सभासद, प्रत्येकाचे हजार रुपये, म्हणजे दहा लाख. केंद्राच्या 2020 च्या योजनेतून तेवढंच अनुदान मिळालं तर वीस लाख. क्विंटलमागे फक्त पाचशे रुपये भाव पडला की पंचवीस लाखांचा खड्डा! सगळं भांडवल बुडून वर पाच लाखांचं देणं. व्याज वेगळंच.

आणि भाव आपल्या हाती आहे काय? ऑगस्ट 2025 मध्ये, आपलं पीक शेतात उभं असताना, केंद्र सरकारनं कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क काढलं आणि ती सूट पुढे डिसेंबरअखेरपर्यंत लांबवली. ज्यांच्या एका सहीनं बाजार पडतो, त्यांच्याशी लढायचंच आहे. पण लढाई जिंकण्याआधीच जिंकल्याचा भाव धरून कर्ज काढणं हा जुगार आहे.

म्हणून हात बांधून बसा, असं आम्ही म्हणत नाही. पावसाच्या भीतीनं जो पेरतच नाही, त्याचं रान पडीकच राहतं. व्यापाऱ्याच्या दारात कच्चा कापूस टाकून निघून येण्यात कसली सावधगिरी? रेचाई करा, गाठी बांधा, सरकी आणि रुई वेगवेगळी विका. कंपनी वाढलीच पाहिजे. पण ती सभासदांच्या भागभांडवलावर वाढू द्या, भावाच्या स्वप्नावर नको.

जिल्हा मेळाव्यात आपण तीन गोष्टी ठरवू. एक, भाव पडला तर जेवढा तोटा भांडवल सोसेल, तेवढाच कापूस कंपनीनं स्वतःच्या नावावर धरायचा. बाकीची रेचाई सभासदांसाठी मजुरीवर. दोन, चांगल्या वर्षातला सगळा नफा वाटायचा नाही, वाईट वर्षासाठी कणगीत राखायचा. तीन, अध्यक्षांनी प्रत्येक सभेत नफ्याच्या अंदाजासोबत तोट्याचाही आकडा वाचायचा. अध्यक्षांचा हसरा चेहरा म्हणजे ताळेबंद नव्हे.

जो पुढारी फक्त उमेद विकतो, त्याला विचारा, ‘दुबार पेरणीचं बियाणं कुठं ठेवलंय?’ उत्तर मिळेपर्यंत कर्जाच्या कागदावर अंगठा देऊ नका.